सायकल चालवायलाही लायसन्स हवं का? (पुणे)

अबोली_नळस्टॉप | सोमवार, रात्री ९:१२

गेल्या महिन्यात आईचं मनगट मोडलं. ती एकाहत्तर वर्षांची आहे. भजनाहून परत येताना संध्याकाळी सातच्या सुमाराला कर्वे रस्ता ओलांडत होती. आमच्या इथे मधे दुभाजक आहे, त्यामुळे निम्मा रस्ता होईपर्यंत गाड्या उजवीकडूनच येणार. आई उजवीकडे बघत खाली उतरली आणि डावीकडून, उलट्या दिशेने आलेली सायकल तिच्यावर आदळली. सायकलला दिवा नव्हता, घंटीही वाजली नाही. पडताना आईने हात टेकला आणि हाड दोन ठिकाणी गेलं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली.

मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. तो पळून गेला असं मी म्हणणार नाही. त्याने आईला उठवून दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं. मग गर्दी जमली, लोक त्याच्या अंगावर ओरडायला लागले, आणि तेवढ्यात तो निघून गेला. मी पोचले तेव्हा आई एकटीच हात धरून बसली होती. चौकीवर गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, सायकलला नंबर नसतो. शोधायचं कोणाला?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. माझ्या स्कूटरला नंबर आहे, विमा आहे, पीयूसी आहे. मला लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागली. आणि त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत चालणाऱ्या सायकलवाल्याला काहीच नको? सिग्नल म्हणजे काय हे माहीत आहे की नाही, एवढंसुद्धा कोणी विचारत नाही. सायकलवाल्यांना लायसन्स असावं असं माझं आज तरी ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा. विरुद्ध मत असलं तरी चालेल, पण कारण द्या.

सिंहगडरोड_रोजचा | सोमवार, रात्री ९:४०

आईंना लवकर बरं वाटो. मुद्द्याला +१.

रविवारी पहाटे धायरीपासून खडकवासल्यापर्यंत बघा, गिअरच्या सायकलींचे गट तीन-तीन, चार-चार जण शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेले असतात. मागून दुधाचा टेम्पो आला तरी सरकत नाहीत. लायसन्स असलं की निदान जाण्याची भीती राहते. भीती नसेल तर नियम फक्त पाटीवर.

वकील_शनिवार | सोमवार, रात्री १०:२५

आधी कायदा काय आहे ते लिहितो, म्हणजे पुढची चर्चा जमिनीवर राहील.

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ३ म्हणतं की 'मोटार वाहन' चालवायला लायसन्स लागतं. मोटार वाहन कशाला म्हणायचं ते कलम २(२८) मध्ये आहे, आणि पायडलची सायकल त्यात बसत नाही, कारण ती यंत्राच्या जोरावर चालत नाही. बॅटरीची सायकलसुद्धा २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वेगाची असेल, वजनाच्या मर्यादेत असेल, तर नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. त्यामुळे आज कोणा अधिकाऱ्याला वाटलं म्हणून सायकलवाल्याकडे लायसन्स मागता येणार नाही.

मात्र दार बंद नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३८ मध्ये १अ हे पोटकलम आलं. रस्ता सुरक्षेसाठी यंत्राविना चालणारी वाहनं आणि पादचारी यांच्याबद्दल राज्य सरकार नियम करू शकतं, असं त्यात आहे. म्हणजे दिवा लावणं, ठरावीक रस्त्यावर न जाणं अशा गोष्टींचे नियम होऊ शकतात.

आता अबोलीताई, तुमच्याबद्दल. सायकलवाल्याला कायदाच नाही ही समजूत चुकीची आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (जुनं भा.दं.वि. २७९) सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे 'कोणतंही वाहन' चालवणाऱ्याला लागू होतं. तिथे मोटार हा शब्दच नाही. नंबर नसला तर शोध अवघड होतो, पण म्हणून तक्रार लिहून घ्यायची नाही असं होत नाही. शेजारच्या दुकानांचे कॅमेरे असतात, रोज त्याच वेळेला जाणारा मुलगा असतो. तुम्ही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात गाडीमुळे गंभीर इजा झाली तर सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात, मृत्यू झाला तर २ लाख. ही योजना मोटार वाहनांपुरती आहे. सायकलने जखमी झालेल्याला तिथून काही मिळत नाही. ही पोकळी खरी आहे.

आप्पा_खडकी | मंगळवार, सकाळी ६:०५

माझं वय ७८. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली बावीस कसब्यातून सायकलवर. पाळी सुटली की मुंबई-पुणे रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे सायकलीच. एखादी मोटार आलीच तर ती आमच्या मागून गुमान यायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते असं होतं.

तुम्ही लायसन्स म्हणता, तर आमच्या वेळचा बिल्ला आठवला. महापालिकेत वर्षाचे पैसे भरायचे, पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला स्क्रूने बसवायचा. वर्ष बदललं की बिल्ल्याचा आकार बदले, त्यामुळे जुना कुठला नि नवा कुठला ते लांबूनच कळे. बिल्ला नसेल तर सायकल उचलून नेत, मग दंड भरून सोडवून आणायची. बिल्ले चोरीलाही जात. माझ्या वडिलांनी नटाचं टोक हातोडीने ठोकून चपटं करून ठेवलं होतं, म्हणजे पान्याने निघू नये.

पण एक लक्षात घ्या. त्या बिल्ल्यासाठी मला कोणी कधी विचारलं नाही की बाबा रे, तुला सायकल येते का? तो कर होता. महापालिकांना वाहनांवर कर बसवायचा अधिकार कायद्यानेच आहे, त्यातला तो प्रकार. चालवणाऱ्याच्या अकलेशी त्याचा संबंध नव्हता.

शिस्त होती ती दिव्याची. अंधार पडला की रॉकेलचा दिवा लावल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. लकडी पुलाच्या तोंडाशी हवालदार उभा असे. पोरं लांबूनच उतरून सायकल हातात धरून चालू लागत. एखादा म्हणे, "आत्ताच वाऱ्याने विझला हो साहेब." हवालदार काही न बोलता दिव्याच्या टोपणाला हात लावून बघे. गरम लागलं तर सोडे, गार लागलं तर चाकातली हवा काढे. मग घरापर्यंत पायी. मी एकदा अलका टॉकीजपासून कसब्यापर्यंत असा चालत गेलो आहे आणि त्यानंतर पुन्हा कधी दिव्याशिवाय बाहेर पडलो नाही. डबलसीटलाही पकडत.

अबोली, तुझ्या आईवर आदळलेल्या सायकलला दिवा असता तर उलट्या बाजूनेही तिला तो दिसला असता. मला विचारशील तर बिल्ला परत नको, हवालदार परत हवा.

धायरीची_रेवा | मंगळवार, सकाळी ८:५०

आप्पा, काय सुंदर लिहिलंत. टोपणाला हात लावून बघायचं हे माझे आजोबाही सांगायचे.

सुनीता_अभ्यासिका | मंगळवार, दुपारी १:३०

मी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. पुण्यात आज सायकल कोण चालवतं हे मी रोज बघते, म्हणून लिहिते.

सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी करून वारज्याहून येतो तो सायकलवर. भंगार गोळा करणारे, इस्त्रीचे कपडे पोचवणारे, पहाटे पेपर टाकणारी पोरं, बांधकामावरचे गवंडी. यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे इथल्या पत्त्याचा पुरावा नाही, खोली भाड्याची, करार तोंडी. लायसन्स म्हटलं की ऑनलाइन अर्ज आला, तारीख आली, आळंदी रोडच्या आरटीओला खेटा आला. त्या दिवसाचा रोज बुडतो. एका फेरीत काम झालं नाही तर दोन दिवसांचा. मग मधला माणूस पैसे घेऊन काम करून देणार, आणि परीक्षा राहिली बाजूलाच. असं होत नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आणि वय किती ठेवणार? मोटार वाहनाला अठरा, पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला सोळा. सायकलला सोळा ठेवलं तर माझ्या अभ्यासिकेतल्या सातवी-आठवीच्या मुली शाळेत कशा जाणार? सरकार स्वतः मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देतं, कारण अंतरापायी मुलींची शाळा सुटते. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने लायसन्स मागायचं, हे मला पटत नाही. माझ्याकडच्या एका मुलीला पीएमपी बसच्या गर्दीत नको ते अनुभव आले म्हणून आईने कर्ज काढून सायकल घेऊन दिली. ती सायकल तिचं स्वातंत्र्य आहे.

अबोली_नळस्टॉप | मंगळवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, अर्ज दिला, पोच घेतली.

सुनीताताई, तुमचं म्हणणं कळतं. पण मला सांगा, धडक देणारा गरीब होता म्हणून माझ्या आईचं हाड कमी दुखतं का? ती आज डाव्या हाताने जेवते. वेणी घालता येत नाही म्हणून तिने परवा केस कापून टाकले. साठ वर्षांची वेणी. त्या मुलाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. त्याने उलट्या बाजूने येऊ नये, एवढंच मला हवं होतं. ते त्याला कोण शिकवणार होतं? घरचे? शाळा? पोलीस? कोणीच नाही. लायसन्स नको असेल तर नको. पण मग त्याच्या जागी काय, ते सांगा. 'गरिबांवर अन्याय होईल' म्हटलं की प्रश्न मिटतो असं नाही ना.

सुनीता_अभ्यासिका | मंगळवार, रात्री ९:१०

नाही मिटत. वेणीचं वाचून थांबले. विचार करून लिहिते.

यंत्रविद्या | मंगळवार, रात्री १०:०२

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून थोडा हिशेब. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर. गतिज ऊर्जा साधारण ७४० ज्यूल. स्कूटर आणि स्वार १८० किलो, वेग ताशी ४५, तर ती १४,००० ज्यूल, म्हणजे सायकलच्या एकोणीस पट. १,२०० किलोची मोटार ताशी ५० ने आली तर १ लाख १५ हजारांच्या पुढे, सायकलच्या दीडशे पटींहून जास्त. वेगाचा वर्ग होतो, म्हणून एवढा फरक पडतो.

लायसन्सची कल्पना मुळात या ऊर्जेसाठी आहे. दुसऱ्याचा जीव सहज घेऊ शकेल असं यंत्र हातात देण्याआधी समाज परीक्षा घेतो. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ४४.५ टक्के दुचाकीस्वार, १९.५ टक्के पादचारी, सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास. सायकलवाला या यादीत मुख्यतः मरणारा म्हणून आहे.

पण अबोली, तुमच्या आईंच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, हेही लिहितो. वयस्क माणसाचं मनगट किंवा खुबा मोडायला उभ्या उंचीवरून पडणंच पुरतं. पाडायला ७४० ज्यूलही भरपूर झाले. तेव्हा सायकल निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

हिंजवडी_परतीची_वाट | बुधवार, सकाळी ९:१५

मला एवढंच कळतं की मी गाडी घेताना रोड टॅक्स भरला. सायकलवाले रस्ता वापरतात, भरत काही नाहीत. मग निदान नोंदणी तरी करा.

वकील_शनिवार | बुधवार, सकाळी ९:५०

तो मोटार वाहन कर, राज्याच्या तिजोरीत जातो. तुमच्या-माझ्या दारातला रस्ता महापालिका करते, आणि तिचा मोठा आधार मिळकत कर हा आहे. तो घरमालक भरतो, आणि भाडेकरू भाड्यातून भरतो. वॉचमनही त्यात आला.

मीनल_श्टुटगार्ट | बुधवार, दुपारी २:२०

मूळची प्रभात रोडची, बारा वर्षं जर्मनीत. इथे सायकलला लायसन्स नाही. पण माझी मुलगी चौथीत असताना तिची सायकलची परीक्षा झाली आणि ती मी जवळून पाहिली, म्हणून सांगते.

वर्षभर शाळेत नियम शिकवले. मग काही आठवडे मुलांना वाहतूक-शाळेच्या आवारात नेलं. तिथे छोटे रस्ते, पाट्या, सिग्नल, सगळं खरं असतं. शिकवायला गणवेशातला पोलीस. लेखी पेपर झाला, मग प्रत्यक्ष. डावीकडे वळणं सर्वांत अवघड, कारण इथे वाहतूक उजवीकडून चालते: मागे बघा, हात दाखवा, मधे या, समोरच्याला जाऊ द्या, पादचाऱ्याला जाऊ द्या, मग वळा. मुलगी घरी स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून सराव करायची. परीक्षेच्या दिवशी सायकलचे ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टरही तपासले. आठ वर्षांखालच्या मुलांनी पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या सायकल मार्गावरूनच चालवायची असा इथे नियम आहे, दहापर्यंत पदपथाची मुभा आहे.

नापास झालं म्हणून कोणाची सायकल काढून घेत नाहीत. पण एक पिढीच्या पिढी शिकून बाहेर पडते. नेदरलँड्समध्ये तर शाळेतल्या मुलांची अशी परीक्षा १९३२ पासून आहे.

अबोली, तुमचा विम्याचा मुद्दा असेल तर शेजारच्या स्वित्झर्लंडचं उदाहरण बघा. तिथे सायकलला दरवर्षी एक स्टिकर लावावा लागे. त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असायचा. २०१२ पासून ते बंद झालं.

उत्तरवारा | बुधवार, दुपारी ४:४०

टोरांटोत सात वर्षं होतो. त्या शहरात १९३५ ते १९५७ सायकलला खरंच लायसन्स लागायचं. बंद करताना दिलेलं कारण सुनीताताईंच्या मुद्द्याशी जुळतं: कोवळ्या वयात मुलं नकळत कायदा मोडणारी ठरतात, आणि पोलीस व मुलं यांच्यातले संबंध बिघडतात. पुढे अनेकदा विषय परत निघाला, पण लायसन्स परत आलं नाही.

ओसाका_ते_औंध | बुधवार, सायंकाळी ६:१०

जपानमध्ये लायसन्स नाही, पण नोंदणी आहे. सायकल घेतली की दुकानातच नंबरचा स्टिकर लागतो. १९९४ पासून ती नोंदणी कायद्याने सक्तीची झाली, मुख्य उद्देश चोरीला आळा. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या सायकलस्वाराला सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने जाणं, हातात मोबाइल धरणं यासाठी तिथल्या तिथे दंडाची पावती. परीक्षा न घेताही जबाबदारी येऊ शकते.

रोज_बारा_किमी | बुधवार, रात्री ९:३०

मी बिबवेवाडीहून शिवाजीनगरला रोज सायकलने जातो. आज खरं लिहायचं ठरवलंय. मीही कधी कधी उलट्या बाजूने गेलोय.

समर्थन करत नाही, फक्त का होतं ते सांगतो. दुभाजकाला तोंड नसतं. समोर दिसणाऱ्या गल्लीत शिरायला पुढच्या चौकात जाऊन वळून यायचं म्हणजे एक-दीड किलोमीटर जादा, आणि ते पाय मारून, उड्डाणपुलाखालच्या गर्दीतून. स्कूटरवाल्याला दोन मिनिटं, मला सात-आठ. थकलेला माणूस कडेकडेने शंभर मीटर उलटं जायचा मोह करतो. ज्या रस्त्यावर असं रोज दहा-वीस जण करतात तिथे सायकल आणि पादचारी यांच्यासाठी दुभाजकात वाट हवी. ते काम पोलिसांचं नाही, रस्ता आखणाऱ्यांचं आहे.

सायकल मार्गांबद्दल तर काय बोलू. बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या) काळात, २००६ पासून सुरुवात झाली. २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधला भाड्याच्या सायकली आल्या, लोकांनी हौसेने चालवल्या, पुढे त्या दिसेनाशा झाल्या. मार्ग जिथे आहेत तिथे मधेच झाड, मधेच विजेचा डबा, मधेच लावलेल्या दुचाकी. दर पन्नास मीटरला चढ-उतार, पेव्हर ब्लॉक उखडलेले. सायकलवाला मग मुख्य रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न बसतात, "ट्रॅक आहे ना तुम्हाला!"

म्हणून मी म्हणतो, आधी जागा द्या, मग लायसन्स मागा. पण अबोलीताई, तुमचा धागा वाचल्यापासून दोन दिवस मी उतरून, सायकल ढकलत त्या शंभर मीटरवरून गेलो. दोन मिनिटं लागतात. लागू देत.

अबोली_नळस्टॉप | बुधवार, रात्री ९:५८

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना थँक्यू लिही."

लांबपल्ला | गुरुवार, सकाळी ७:१५

सिंहगडरोड_रोजचा, त्या रविवारच्या गटांपैकी एकात मी असतो. तीन-तीन जण शेजारी चालवणं चूकच. आमच्या गटात एकामागे एक चालवायचं असं ठरलं आहे, आणि न पाळणाऱ्याला आम्ही बोलतो. सगळे गट तसं करत नाहीत हे मान्य.

एक अनुभव. आम्ही बीआरएमच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइड करतो, २०० किलोमीटरपासून पुढे. रात्री चालवायचं असेल तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारं जॅकेट लागतंच. सुरुवातीलाच तपासणी होते. दिवा नाही तर निघायचं नाही, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. आप्पांच्या हवालदाराचंच काम आहे हे. आज मागचा लुकलुकणारा दिवा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. सक्ती करायची तर कंपनीतून सायकल बाहेर पडतानाच त्यावर दिवा बसवलेला असावा, याची करा.

शाळेतला_मास्तर | गुरुवार, दुपारी ३:०५

उशिरा वाचलं. मी सातवीला शिकवतो. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं सायकलवर येतात. मीनलताईंचं वाचून वाटलं, आपल्याकडेही आरएसपी, म्हणजे शाळेतलं रस्ता सुरक्षा दल, होतं की. पांढरे पट्टे, शिट्टी, शाळा सुटताना फाटकाशी उभं राहणं. शिस्त होती, पण तेही चौकात उभं राहायला शिकवायचं, सायकलवर बसून रस्ता वाचायला नाही.

गेली दोन वर्षं मी शनिवारी मैदानावर थोडं थोडं शिकवतो. काय शिकवतो ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मागे वळून बघताना सायकल सरळ ठेवणं. मान वळली की हँडल वळतं, आणि मूल नेमकं मागून येणाऱ्या गाडीसमोर जातं. मी फक्कीने लांब रेघ ओढतो. मुलाने रेघेवरून जायचं, मी मागे उभा राहून बोटं वर करतो, त्याने मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे रेघ सोडतात. चौथ्या-पाचव्या शनिवारी जमायला लागतं. हे न जमणाऱ्या मुलाला 'हात दाखवून वळ' सांगण्यात अर्थ नाही.

मग ब्रेक. नुसता पुढचा दाबला तर तोंडावर आपटतात, नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. दोन्ही एकदम, मागचा किंचित आधी. पावसात ओले रबर पकडायला वेळ घेतात, म्हणून बादलीने पाणी ओतून तोही सराव. उभ्या मोटारींच्या कडेने जाताना दार उघडलं तर लागणार नाही इतकं लांब. पीएमपीच्या डाव्या बाजूने कधीही घुसायचं नाही, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. गटारावरच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर चाक आत जातं, तिथे आधीच बाजूला व्हायचं.

आणि उलट्या दिशेने जायची वेळ आलीच तर उतरायचं. उतरून ढकलत नेली की तुम्ही चालणारे झालात. हे मी सांगतो, पण अबोलीताई, का ते मुलांच्या मनात उतरत नाही. त्यांना वाटतं नियम त्यांना अपघात होऊ नये म्हणून आहे. त्यांच्यामुळे कोणाला तरी होऊ शकतो हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

सुनीता_अभ्यासिका | गुरुवार, सायंकाळी ५:४०

मास्तर, माझ्या अभ्यासिकेतल्या अकरा मुलांना पाठवू का शनिवारी? सायकली आहेत. दिवे नाहीत, ते मी बघते.

लांबपल्ला | गुरुवार, सायंकाळी ६:००

अकरा मागचे दिवे माझ्याकडे लागले. बसवायलाही येतो.

अबोली_नळस्टॉप | गुरुवार, रात्री ९:२०

चार दिवस सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा वाचले.

लायसन्सचा आग्रह मी सोडते. सुनीताताईंनी वयाचं लिहिलं तिथेच तो डळमळला होता. वय अठरा ठेवलं तर आईवर आदळलेला मुलगा लायसन्सच्या वयाचाच नसता, म्हणजे त्याला शिकवायला कोणी बांधीलच राहिलं नसतं. पण नुकसानभरपाईबद्दल माझं मत बदललेलं नाही. वीस रुपयांच्या सरकारी अपघात विम्यात आईला घ्यावं म्हणून चौकशी केली, तर वयाची मर्यादा सत्तर. सायकलची धडक बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला भरपाई देणारी सरकारी योजना मला कुठे सापडली नाही. कलम १३८ खाली राज्य सरकार नियम करणार असेल तर दिव्याच्या सक्तीबरोबर याचाही विचार व्हावा. वकीलसाहेब, त्या निवेदनाचा मसुदा करायला मदत कराल का? मी टाइप करेन, सह्या गोळा करेन.

मास्तर, तुमचा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शनिवारी मला ने तिथे. मुलं सायकल चालवतील, मी रस्ता ओलांडते." प्लास्टर निघालंय, बोटांचा व्यायाम चालू आहे, चालायला काही अडचण नाही. चालेल का?

वकील_शनिवार | गुरुवार, रात्री ९:४५

मसुदा रविवारपर्यंत देतो.

आप्पा_खडकी | शुक्रवार, सकाळी ५:५०

माझ्याकडे जुना रॉकेलचा दिवा आहे, वात घालून पेटतो. मुलांना दाखवायला आणू का?

शाळेतला_मास्तर | शुक्रवार, सकाळी ७:३०

जरूर आणा आप्पा. आणि अबोलीताई, आईंना घेऊन या. त्यांच्यासाठी खुर्ची सावलीत ठेवतो. सातलाच या, नंतर मैदानावर ऊन येतं.